पहाटेची अंघोळ कोणाच्या सोयीची?

एखाद्या मोठ्या शुश्रूषागृहातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. न्याहारी आठला. एका मदतनिसाच्या वाट्याला दहा माणसं. प्रत्येकाला उठवायचं, संडासला न्यायचं, अंघोळ घालायची किंवा अंग पुसायचं, कपडे, केस, कवळी, चष्मा, मग खुर्चीत बसवून जेवणघरात आणायचं. धसमुसळेपणा न करता हे करायला माणशी वीस मिनिटं तरी हवीत. दहा माणसांची झाली दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. आठातून तेवढी वजा केली की उरतात चार वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे ज्यांचा नंबर पहिला, त्या आजोबांना पावणेपाचच्याही आधी दिवे लावून उठवायचं, आणि मग त्यांनी आठ वाजेपर्यंत व्हीलचेअरमध्ये मान टाकून पेंगत बसायचं.

यात कोणी दुष्ट नाही. मदतनीस तर स्वतः चार वाजल्यापासून उभी आहे. हे सगळं एका हिशोबातून आलंय, आणि त्या हिशोबात आजोबांना किती वाजता जाग येते हा आकडा कुठेच धरलेला नाही.

शब्दाचा एक गोंधळ आधी मिटवू. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की छोटा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. इथे बोलतोय ते वेगळ्या जागेबद्दल: अंघोळ, कपडे, जेवण, औषधं अशा रोजच्या गोष्टींत दुसऱ्याचा हात लागतो अशी म्हातारी माणसं जिथे कायमची राहतात, त्या जागेबद्दल. हात-पाय धड असलेल्यांचा वृद्धाश्रम निराळा. मी ‘शुश्रूषागृह’ म्हणतो, कारण शब्द जड असला तरी त्यात ‘गृह’ आहे, आणि सगळा वाद त्या ‘गृहा’चाच आहे.

या जागा ‘घरासारख्या’ करायच्या म्हटलं की पहिल्यांदा पडदे बदलले जातात. भिंतींना पिवळसर रंग, कोपऱ्यात खोटी फुलं, दाराशी ‘सुस्वागतम’. वाईट काहीच नाही त्यात. पण पावणेपाचचा दिवा तसाच लागत राहतो. माझं म्हणणं असं की घरपण सामानात कमी आणि निर्णयात जास्त असतं. कधी उठायचं, दार कोणी उघडायचं, किती मीठ घालायचं, हे कोण ठरवतं? आपल्या घरात ही उत्तरं इतकी आपली असतात की असे प्रश्न आहेत हेच आपल्याला जाणवत नाही.

एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ साली यावर नेमकं बोट ठेवलं. तुरुंग, सैन्याच्या बराकी, मनोरुग्णालयं, मठ या वरवर अगदी निराळ्या जागांमध्ये त्याला एकच सांगाडा दिसला. बाहेरच्या जगात माणूस झोपतो एकीकडे, काम करतो दुसरीकडे, मन रमवतो तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी, वरिष्ठ वेगळा. या जागांमध्ये तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच अधिकाराखाली, त्याच त्या घोळक्यात आणि वरून ठरवलेल्या वेळापत्रकाने होतात. म्हाताऱ्यांच्या निवासांनाही त्याने याच यादीत बसवलं. आणि पडदे कितीही सुंदर असले तरी त्या चारपैकी एकही गोष्ट पडद्यामुळे बदलत नाही.

इमारतींचं तसं होण्यामागे इतिहासही आहे. अमेरिकेत १९५४ साली सरकारने रुग्णालयं बांधण्याच्या आपल्या योजनेत शुश्रूषागृहांनाही पैसा द्यायला सुरुवात केली, त्यामुळे मापं आणि नियम रुग्णालयांचेच आले. लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, मधोमध परिचारिकांचं टेबल, जिथून सगळी दारं दिसावीत. चार दिवस राहून बरं होऊन जाणाऱ्या माणसासाठी ही रचना उत्तम आहे. पण इथे राहायला आलेला माणूस परत जाणार नसतो. चार दिवस सोसता येणारी गोष्ट चार वर्षं सोसायला लावली की तिची जात बदलते.

निर्णयाचं महत्त्व दाखवणारा एक प्रयोग या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहाचे दोन मजले घेतले. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, तक्रार असेल तर बोला, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते निवडा. प्रत्येकाला कुंडीतलं रोप निवडायला दिलं आणि पाणी घालायची जबाबदारीही दिली. दुसऱ्या मजल्यावरही गोड बोलणं होतं, रोपं होती, सिनेमा होता. फक्त रोप हातात आणून दिलं, पाणी परिचारिका घालणार, सिनेमाची रात्र ठरलेली. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी आढळली. दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटात ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यात ४४ पैकी १३.

हा शेवटचा आकडा लोकांना फार आवडतो: रोपाला पाणी घाला, आयुष्य वाढवा! पण माणसं मोजकी होती, आणि मृत्यूंच्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती करावी लागली. तेव्हा मृत्यूचा भाग मी बाजूला ठेवतो. मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्या मजल्याची. तिथली वागणूक मायेची होती. कुठलंही प्रेमळ कुटुंब वागेल तशीच: ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो सगळं.’ त्या ‘आम्ही करतो’मध्येच माणूस पांगळा होत जातो.

त्याच वर्षी रिचर्ड शुल्झ याने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजची मुलं म्हाताऱ्यांना भेटायला जात. काही जणांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येई. काहींना ती कधी होणार हे आधी कळे. काहींकडे मुलं अचानक टपकत, आणि काहींकडे कोणीच जात नसे. पहिल्या दोन गटांचं मन आणि तब्येत सुधारली. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण प्रयोग संपला, मुलं गेली, आणि पुढच्या काळात तेच दोन गट खाली घसरले. ज्यांना काही मिळालंच नव्हतं ते होते तिथेच राहिले. एकदा हातात दिलेला लगाम काढून घेतला तर तो कधीच न देण्यापेक्षा वाईट. सणासुदीला फळं वाटून फोटो काढून जाणाऱ्या मंडळांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरातल्या एका निवासाने यावर वेगळाच तोडगा काढलाय. तिथे विद्यार्थी भेटायला येत नाहीत, राहायलाच येतात. खोली फुकट, आणि बदल्यात महिन्याला तीस तास ‘चांगला शेजारी’ म्हणून वागायचं. शेजारी कधी रात्री उशिरा येतो, कधी त्याची मैत्रीण येते, मग म्हाताऱ्या माणसांना चघळायला विषय मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत कितीही ‘मनोरंजनाचा तास’ घातला तरी शेजाऱ्याबद्दलच्या कुजबुजीची सर त्याला येत नाही.

१९९१ साली बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या खेड्यातल्या शुश्रूषागृहात कामाला लागला. साधारण ऐंशी माणसं, सगळ्यांना औषधपाणी वेळेवर, आणि तरी सगळी कोमेजलेली. त्याने रोगनिदान केलं ते असं: एकटेपणा, असहायता, कंटाळा. उपाय म्हणून त्याने तिथे कुत्री, मांजरं, शंभरेक पक्षी आणि खोलीखोलीत झाडं आणली. पुढे याचीच ‘ईडन अल्टरनेटिव्ह’ नावाची चळवळ झाली. पक्ष्यांची गोष्ट सांगायला मजेची आहे, म्हणून नक्कल पक्ष्यांचीच झाली. मार्गिकेत एक पिंजरा टांगला, त्याला दाणे घालायचं काम कर्मचाऱ्याच्या यादीत लिहिलं, की झालं घरपण! पण थॉमसच्या तीन दुखण्यांमधलं मधलं दुखणं असहायतेचं आहे, आणि त्यावरचं औषध उलट्या दिशेने जातं. ज्याला कायम इतरांकडून घ्यावंच लागतं, त्याला कोणालातरी काही देता आलं पाहिजे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याने आजींकडे बघून चिवचिव करण्यापेक्षा, आज दाणे घालायला विसरलो तर तो उपाशी राहील ही काळजी त्यांना असणं महत्त्वाचं.

थॉमसला मग वाटू लागलं की जुन्या इमारतीत किती झाडं आणणार? २००३ साली मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावात त्याच्या कल्पनेतली पहिली ‘ग्रीन हाउस’ घरं उभी राहिली. एका घरात दहा-बारा माणसं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि न्हाणीघर. मध्ये उघडं स्वयंपाकघर आणि सगळे बसतील असं एकच मोठं टेबल. परिचारिकांचं टेबल नाही, औषधांची खडखडणारी गाडी नाही. परिचारिका आणि डॉक्टर घरी येतात, पाहुण्यांसारखे.

बाहेरून पाहणाऱ्याला यात इमारत दिसते. खरा उलथापालथ करणारा बदल कामाच्या वाटणीत आहे. मोठ्या संस्थेत एक जण अंघोळ घालतो, दुसरा जेवण आणतो, तिसरा फरशी पुसतो, चौथा ‘उपक्रम’ घेतो. त्यामुळे आजीचा ग्लास रिकामा दिसला तरी फरशी पुसणारा म्हणतो, ते माझं काम नाही. ग्रीन हाउसमध्ये मदतनीसच स्वयंपाक करतो, धुणं बघतो, अंघोळ घालतो, गप्पा मारतो, आणि घर कसं चालवायचं हे मदतनीस आपसांत ठरवतात. त्यांना नावही दिलंय ‘शाहबाज’, फारसीत राजाचा ससाणा. नाव थोडं नाटकी आहे, पण ‘आया’ किंवा ‘वॉर्डबॉय’ म्हणण्यापेक्षा बरं.

आता सुरुवातीचा हिशोब पुन्हा करून बघा. स्वयंपाकघर घरातच आणि ओटा सकाळभर चालू, म्हणजे आठची घंटा उरली नाही. ज्याला सहाला जाग येते तो सहाला, ज्या आजी आयुष्यभर रात्री जागणाऱ्या त्या दहाला. मिनिटं तेवढीच लागतात, माणसंही साधारण तेवढीच, पण ती आता रांगेत उभी नाहीत. अंघोळ दुपारी झाली म्हणून काही बिघडत नाही. आणि ज्याची झोप पुरी झालीय तो अंघोळीला कमी विरोध करतो, त्यामुळे वीस मिनिटांचं काम खरोखर वीस मिनिटांतच होतं.

लहान घरांचा एक फायदा तर कोणी कल्पिलाही नव्हता. कोविडच्या २०२० या वर्षात अमेरिकेतल्या अशा घरांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्हींचं प्रमाण पारंपरिक शुश्रूषागृहांपेक्षा कमी राहिलं. स्वतंत्र खोल्या, ठरलेली मोजकी माणसं, कमी ये-जा: घरपणासाठी केलेल्या गोष्टी साथीतही उपयोगी पडल्या.

दिव्यांच्या बाबतीत मात्र घरगुतीपणाचा हट्ट घातक ठरू शकतो. मंद, पिवळसर, ‘उबदार’ प्रकाश म्हणजे घर अशी आपली समजूत. पण साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. ऐंशीच्या घरात आणखी कमी. म्हणजे नातवाला छान वाटणारा दिवा आजोबांसाठी जवळजवळ अंधार असतो. भरपूर प्रकाश हवा, पण डोळ्यांत न घुसणारा. लखलखीत फरशी नको, कारण चकाकी पाण्यासारखी दिसते आणि पाऊल अडतं. स्मृतिभ्रंश असलेल्याला दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं, म्हणून ‘आजोबा हट्टाने आत येत नाहीत’ या तक्रारीचा उपाय कधीकधी पायपुसणं उचलणं एवढाच असतो. पांढऱ्या ताटातला पांढरा भात आणि पांढऱ्या न्हाणीघरातलं पांढरं कमोडही असंच हरवतं. बोस्टनमध्ये २००४ साली अल्झायमर खूप पुढे गेलेल्या काही मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी लालभडक ताटल्या दिल्या, तर त्यांचं जेवण साधारण पाव हिश्शाने वाढलं. अभ्यास लहान होता, पण ताटली बदलून बघायला काय जातं?

आवाजाचं थोडक्यात: भोंग्यावरून हाका, गजर, सतत कोणीही न बघता चालू असलेला टीव्ही. बंद करा.

बोलण्याचं थोडक्यात सांगता येणार नाही, कारण मराठीत ते व्याकरणातच उतरतं. ज्यांना आयुष्यभर सगळे ‘अहो’ म्हणत आले त्यांना इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी ‘ए आजी, तोंड उघड बघू’ ऐकू येतं. मग ते फसवं ‘आपण’: ‘चला, आता आपण शहाण्यासारखं औषध घ्यायचं हं!’ औषध एकटीनेच घ्यायचं असतं. बोलणाऱ्याला हे प्रेम वाटतं. पण अमेरिकेत क्रिस्टिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या शुश्रूषेची चित्रणं तपासली, तेव्हा अशा लाडिक बोलण्यानंतर माणसं अंघोळीला, कपडे बदलायला जास्त विरोध करतात असं आढळलं. शब्द कळेनासे झाले तरी सूर कळतो. खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करणं, ‘चौदा नंबर’ऐवजी आडनाव घेणं, भरवताना उभं न राहता शेजारी बसणं, या गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती रोजची तीच माणसं. आठवड्याला मदतनीस बदलत असेल तर आजोबांना डावीकडून हात दिलेला आवडतो हे कोणाला कधी कळणार?

यावर नेहमीचा आक्षेप सुरक्षिततेचा. स्वतः उठले आणि पडले तर? ओट्याजवळ गेल्या आणि भाजलं तर? आक्षेप पोकळ नाही, मोडलेलं खुब्याचं हाड म्हातारपणी जिवावर बेततं. पण भीतीपोटी केलेल्या गोष्टींचा हिशोबही मांडायला हवा. एके काळी पडू नये म्हणून माणसांना खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवणं सर्रास चाले. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सोयीसाठी बांधून ठेवण्यावर आणि गुंगीची औषधं देण्यावर बंधनं आणली. बांधलेल्या माणसाचे स्नायू आठवड्या-आठवड्याला झिजतात, तोल जातो, आणि सुटलाच तर तो आधीपेक्षा जोरात पडतो. रॉबर्ट पर्स्की याने १९७२ साली, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबद्दल लिहिताना, धोका पत्करण्यातही एक प्रतिष्ठा असते असं मांडलं होतं. तो विचार इथे तंतोतंत लागू पडतो. कुटुंबांनी मात्र एक कबूल करायला हवं. बरेचदा संस्था घाबरते ती आपल्याला. ‘तुमच्या ताब्यात असताना पडलेच कसे?’ हा प्रश्न आपण विचारणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती आजोबांना बसवून ठेवते.

नेदरलँड्समधल्या वेस्प गावातल्या ‘होगेवेक’चा रस्ता आणखी पुढे जातो. २००९ साली पूर्ण झालेली ही वस्ती गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या दीडशेहून जास्त माणसांसाठी आहे. सहा-सात जणांचं एकेक घर, आवडीनिवडी जुळतील अशी माणसं एकत्र, आणि बाहेर चौक, दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह. कर्मचारी साध्या कपड्यात. रहिवासी वस्तीभर मोकळे फिरतात, कारण कुलूप खोलीला नाही, वस्तीच्या वेशीला आहे. यावर टीका होते की हे सगळं नाटक आहे. मला ती टीका पटत नाही: दुकानातली भाजी खरी आहे आणि ती घरी नेऊन खरंच शिजते. खोटेपणाची रेषा मला दिसते ती जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये. तिथे एका निवासाबाहेर बसथांबा उभारला, जिथे बस कधीच थांबत नाही. घरी जायला निघालेली व्याकूळ माणसं तिथे बसतात, थोड्या वेळाने शांत होतात, आणि कोणीतरी त्यांना आत घेऊन जातं. दार बंद करण्यापेक्षा, इंजेक्शन देण्यापेक्षा हे नक्कीच दयाळू आहे. तरीही त्या बाकावर बसलेल्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटतं, आणि या प्रश्नावर माझं मत अजून ठरत नाही.

आणखी एक अडचण: ‘घर’ हा शब्द सगळ्यांना सारखा गोड लागत नाही. एखादीचं सगळं आयुष्य ओट्यापाशी गेलेलं असतं, आणि आता तिला कोणी आयतं वाढलं तर स्वर्ग वाटतो. तिला ‘घरपणा’साठी शेंगा सोलायला बसवणं हा निराळाच जुलूम झाला. कोणाला दहा जणांच्या टेबलापेक्षा दार लावून एकटं जेवायला आवडतं. म्हणून नमुना उचलून लावण्यापेक्षा आधी विचारावं, आणि ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या जुन्या सवयी माहीत असलेल्यांना विचारावं.

आपल्या माणसासाठी जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि स्वागतकक्ष दाखवले जातीलच. तुम्ही स्वतःची खुर्ची, कपाट आणता येईल का ते विचारा. एकच मदतनीस किती दिवस त्याच माणसांकडे असतो ते विचारा. जमलं तर जेवणाच्या वेळी जा आणि भरवणारे बसलेत की उभे ते बघा. आणि निघताना व्यवस्थापकाला नव्हे, रात्रपाळीच्या मदतनिसाला विचारा: इथे कोणाला रात्री दोन वाजता भूक लागली तर काय होतं? ‘सकाळी आठला न्याहारी असते’ हे एक उत्तर झालं. ‘फळीवर बिस्किटं असतात, काही जण स्वतः घेतात, त्या कोपऱ्यातल्या काकांना दूध गरम करून लागतं’ हे दुसरं.